पंचवीस मिनिटांचा प्रतापगड

पुण्याहून निघणाऱ्या एका सहलीचं पत्रक माझ्यापुढे आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असली पत्रकं गावोगाव निघतात आणि मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो. पहाटे साडेपाचला निघायचं, रात्री नऊला परत. वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट, पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वरचे पॉइंट, क्षेत्र महाबळेश्वर, प्रतापगड आणि मधे कुठेतरी स्ट्रॉबेरीची बाग. नाश्ता, जेवण, चहा धरून. खाली जाड ठशात 'एका दिवसात सात ठिकाणे!'

मी कागद घेऊन बसले आणि हिशेब मांडला. साडेपाच ते नऊ म्हणजे साडेपंधरा तास. पुणे ते वाई दोन-सव्वादोन तास. मेणवलीला जाऊन यायला पाव तास, पसरणीचा घाट चढून पाचगणी अर्धा तास, पुढे महाबळेश्वर पाऊण तास, तिथून क्षेत्र महाबळेश्वर पाव तास, आंबेनळी घाटातून प्रतापगड तास. प्रतापगडाहून पुणे परतीला साडेचार तास. झाले साडेनऊ. नाश्ता, जेवण आणि चहा यांत सव्वादोन तास जातात. बागेत पाऊण तास, कारण तिथे खरेदी असते. उरले तीन तास आणि ठिकाणं सहा. त्यातून प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरणं, परत चढणं, डोकी मोजणं आणि 'अहो, मागच्या सीटवरच्या काकू आल्या का' यात दहा मिनिटं जातात. हाती राहतात वीस मिनिटं, फार तर पंचवीस. तीही सगळं सुरळीत पार पडलं तर. शनिवारी-रविवारी पसरणीच्या घाटात काय सुरळीत पार पडतं, ते त्या रस्त्यानं गेलेल्या कुणालाही विचारा.

ही फसवणूक आहे. पैसे घेऊन प्रतापगड दाखवतो असं सांगायचं आणि प्रतापगडाचं वाहनतळ दाखवायचं, याला दुसरं नाव नाही. आणि ही फसवणूक वर्षानुवर्षं चालते, कारण आपण ठिकाणं मोजतो, तिथे मिळणारा वेळ मोजत नाही. माझं माहेर सांगली, सासर सातारा. शाळेत इतिहास शिकवण्यात नोकरी गेली, आणि आता ओळखीपाळखीच्या मंडळींना घेऊन याच दोन जिल्ह्यांतून हिंडते. या गाड्या येताना आणि जाताना मी पाहते. उतरणाऱ्या माणसांचे चेहरे पाहते, आणि परत चढतानाचेही पाहते.

प्रतापगडच घ्या. १६५६ मध्ये महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली भोरप्याच्या डोंगरावर हा किल्ला उभा राहिला. १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. एवढं आपल्याकडे चौथीतल्या मुलालाही पाठ असतं. मग किल्ल्यावर जायचं कशासाठी? जे पुस्तकात कळत नाही ते तिथे उभं राहिल्यावर कळतं, यासाठी. तटावर या, जावळीच्या खोऱ्याकडे तोंड करा. खान वाईला तळ देऊन बसला होता. वाईचा मुलूख मोकळा, घोडदळाला सोयीचा. तिथून त्याला रडतोंडीच्या घाटानं खाली पारपर्यंत आणला, अशा जागी की जिथे त्याचे हत्ती, उंट आणि जड तोफा असून नसल्यासारख्या. वाईतून निघालेलं सैन्य या दाट झाडीत कसं विस्कळीत झालं असेल, मावळे कुठे दबा धरून बसले असतील, गडावरची तोफ झाल्यावर तिचा आवाज कुठवर गेला असेल, हे सगळं तटावरून बोट दाखवून सांगता येतं. ते सांगायला आणि ऐकायला तास लागतो. त्याआधी चढ आहे, भवानीचं देऊळ आहे, माचीचे बुरूज आहेत, मग बालेकिल्ला. घाई न करता, म्हाताऱ्या माणसाला मधे दोनदा टेकू देऊन प्रतापगड बघायचा तर तीन तास हवेत. त्यात काटछाट होत नाही.

पंचवीस मिनिटांत काय होतं? धापा टाकत पायऱ्या चढायच्या, पंडित नेहरूंच्या हस्ते १९५७ मध्ये अनावरण झालेल्या अश्वारूढ पुतळ्यापुढे घोळका करून फोटो काढायचा आणि गाडीच्या हॉर्नवर कान ठेवून खाली पळायचं. गडावर माहिती सांगणारा एक जण माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. जवळच्याच गावचा, बापजाद्यांपासून याच मातीतला. तो म्हणाला, "बाई, पूर्वी लोक विचारायचे खान कुठनं आला. आता विचारतात फोटो कुठनं चांगला येतो आणि खाली जायला जवळची वाट कोणती. मी गोष्ट सुरू करतो, खान वाईला येतो, तोवर यांचा माणूस शिट्टी मारतो." खान वाईतून जावळीत उतरायच्या आतच प्रेक्षक गाडीत बसलेले असतात. त्या माणसाच्या पोटावर पाय येतो तो वेगळाच. गडाखाली पिठलं-भाकरी करणाऱ्या बायका आहेत, ताक आणि कोकम सरबत विकणाऱ्या आहेत. पंचवीस मिनिटांच्या गिऱ्हाइकाला भाकरी थापून होईपर्यंत दम नसतो. गाडी त्यांच्या दारात धूर आणि रिकाम्या बाटल्या टाकून जाते, आणि जेवायला थांबते ती दोन तास पुढे, जिथे चालकाचं जेवण फुकट असतं तिथे.

एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. त्या पंचवीस मिनिटांतली बायकांची मिनिटं किती? पहाटे निघालेली गाडी. गाडीत पंधरा-वीस बायका, त्यांतल्या निम्म्या पन्नाशीच्या पुढच्या. ठिकाणाला पोचल्यावर पहिली गरज स्वच्छतागृहाची. ते एक किंवा दोन, आणि त्यांतल्या एकाला कडी नसते किंवा पाणी नसतं. पुरुष थेट वर निघतात. बायका रांगेत उभ्या राहतात. शेवटच्या बाईचा नंबर लागेपर्यंत पुरुष फोटो काढून परतायला लागलेले असतात. मेणवलीला, टेबललँडला, प्रतापगडाला, सगळीकडे मी हेच पाहते. सहलीला आलेल्या किती बायका गडाच्या पहिल्या दरवाज्याच्या आत न जाताच घरी परतल्या असतील, याची नोंद कुठेही होत नाही. घरी गेल्यावर त्यांना विचारलं तर त्या म्हणतात, "हो, झाला प्रतापगड." नवऱ्याच्या मोबाइलमधल्या फोटोत पाहिलेला असतो. ज्यांनी ही सहल आखली त्यांनी या बायकांकडूनही पूर्ण पैसे घेतलेले असतात. वेळ ठरवणारा माणूस पुरुष असतो आणि त्याला या रांगेचा हिशेब मांडायचा सुचत नाही. सुचत नाही हे मी मान्य करत नाही. त्याला तो मांडायचा नसतो, कारण मांडला तर सातातली तीन ठिकाणं पत्रकातून खोडावी लागतील.

मेणवलीचं पाहा. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेवरचा अर्धचंद्राकृती घाट, आणि घाटावर एका छोट्या देवळीवजा बांधकामात टांगलेली भलीमोठी घंटा. ही घंटा वसईची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या देवळांना वाहिल्या, त्यांतली ही एक. जवळ जाऊन मान वर केली तर धातूवर बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हे साल वाचता येतं. कृष्णाकाठी, शंकराच्या देवळाशेजारी, पेशवाईतल्या घाटावर मेरीमाता. वसईची मोहीम, पोर्तुगीज, पेशवे, नाना, असा अख्ख्या अठराव्या शतकाचा पट एका घंटेपाशी उलगडतो. मी माझ्याबरोबरच्या मंडळींना आधी काही सांगत नाही. त्यांना घंटेपाशी नेते आणि गप्प उभी राहते. कुणाला तरी ती आकृती दिसतेच, आणि मग प्रश्नांवर प्रश्न येतात. सहलीची गाडी येते तेव्हा काय होतं? पोरं घंटा वाजवायला बघतात, मोठी माणसं कोणत्या सिनेमाचं शूटिंग इथे झालं ते एकमेकांना सांगतात आणि परत फिरतात. मेरीकडे कुणाचीही नजर जात नाही. दोष त्या माणसांचा नाही. दहा मिनिटांत डोळा फक्त ओळखीचं शोधतो, अनोळखी गोष्ट दिसायला थांबावं लागतं.

साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. अष्टकोनी, खोल, आणि विहिरीच्या पोटात खांबांचा महाल, खांबांवर कोरीव काम. वीरूबाई भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बांधून घेतली, आमराईला पाणी मिळावं म्हणून. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी रचना. पत्रकात ती नसते, कारण गावात मोठी बस वळत नाही. औंधचं भवानी संग्रहालयही नसतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं ते संग्रहालय. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. लंडन-पॅरिसला हेन्री मूर बघायला तिकीट काढणाऱ्या मराठी माणसाला तो खटाव तालुक्यात आहे हे माहीत नसतं. कारण औंधला निदान अर्धा दिवस द्यावा लागतो आणि अर्धा दिवस कुणी विकत नाही.

का विकत नाही, तेही सांगते. सहल काढणाऱ्याला गाडीचं भाडं किलोमीटरवर पडतं. रस्त्यातली ठिकाणं त्याला फुकट मिळतात. वाटेवर सहा नावं असोत की दोन, डिझेल तेवढंच जळतं. पण त्या नावांपाशी थांबायचं म्हटलं की दिवस पुरत नाही, मुक्काम करावा लागतो, चालकाचा भत्ता वाढतो, खोल्या घ्याव्या लागतात आणि दर माणशी खर्च दुप्पट होतो. म्हणून नावं वाढतात आणि थांबे आखडतात. जिथे खरेदी असते तिथला थांबा मात्र आखडत नाही. मी घड्याळ लावून पाहिलंय. ज्या गाडीनं मेणवलीला बारा मिनिटं दिली, तीच गाडी जॅम-सरबताच्या दुकानापुढे पन्नास मिनिटं उभी होती. तिथे कुणी शिट्टी मारत नव्हतं.

कासवर तरी थोडं शहाणपण आलं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि त्या पाठोपाठ अशी झुंबड उडाली की फुलं तुडवली जायला लागली. शेवटी वनखात्यानं आणि गावांच्या समित्यांनी दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी सुरू केली, दिवसाचे वेळेनुसार टप्पे पाडले. या निर्णयाला मी जाहीर पाठिंबा देते आणि ज्यांनी तो राबवला त्यांचं कौतुक करते. पण सहलवाल्यांनी त्याचं काय केलं? कास, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, सज्जनगड, अजिंक्यतारा असा एक दिवसाचा बेत आखला. ज्यानं हा बेत आखला त्यानं नकाशा तरी उघडावा. कास साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वरचा घाट चढून, सज्जनगड आणि ठोसेघर परळीच्या बाजूला. एक बघून दुसऱ्याला जायचं तर घाट उतरून साताऱ्यात परत यावं लागतं. हंगामातल्या रविवारी कासच्या रस्त्यावर दोन-दोन तास गाड्या हलत नाहीत. मग पठारावर किती वेळ मिळणार?

आणि कास हे उभ्यानं बघायचं ठिकाण नव्हेच. जांभ्या दगडाच्या सपाटीवर वीतभरही माती नाही. त्या पातळ मातीत साडेआठशेहून जास्त जातींच्या वनस्पती, आणि त्यांतली कितीतरी फुलं करंगळीच्या नखाएवढी. सीतेची आसवं म्हणतात ते जांभळं फूल गुडघ्यावर बसल्याशिवाय नीट दिसतच नाही. त्याच्या मुळाशी बारीक फुगे असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्मजीव त्यांत अडकतात. मातीला कस नाही म्हणून या झाडानं शिकार करायची सोय केली. शेजारी दवबिंदू, त्याच्या पानांवरचे चिकट थेंब उन्हात चमकतात आणि त्यावर बसलेली चिलटं पुन्हा उडत नाहीत. गेंद, सोनकी, तेरडा, आमऱ्या, कंदीलपुष्प, आणि वर्षं जुळून आली तर टोपली कारवी. दर आठ-दहा दिवसांनी पठाराचा रंग बदलतो. गावातली पोरं मार्गदर्शक म्हणून उभी असतात, त्यांना एकेक फूल नावानं माहीत. त्यांतला एक जण बरोबर घेऊन तीन तास द्यावे लागतात. सकाळच्या पहिल्या टप्प्यात, मधल्या वारी, आणि त्या दिवशी दुसरं काही न करता. हा माझा आग्रह आहे आणि त्यात मी तसूभर माघार घेणार नाही.

माहेराकडे वळते. सांगलीची सहल आणखी दरिद्री. सांगलीचा गणपती, मिरजेचा दर्गा, औदुंबर, नृसिंहवाडी, आणि संध्याकाळच्या आत कोल्हापूरची अंबाबाई नि जमलं तर जोतिबा. देवांच्या दारात पळापळ करून कोणतं पुण्य लागतं, ते करणाऱ्यांनाच ठाऊक. मी फक्त विचारते, त्यात सांगली कुठे आहे? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात सीतास्वयंवर रंगवलं आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला, त्या गावात येऊन माणसं नाटकाचं नावही न काढता निघून जातात. गोविंद बल्लाळ देवलांचं हरिपूर सांगलीला लागून, कृष्णा-वारणेचा संगम तिथे, संगमेश्वराचं देऊळ तिथे. तिकडे गाडी वळत नाही. मिरजेच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांना दफन केलंय, उरुसात तिथे गाणारे-वाजवणारे रात्रभर हजेरी लावतात. सहलीतल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. तो चप्पल काढतो, आत जातो, बाहेर येतो, चप्पल घालतो.

दर्ग्यापासून जवळच सतारमेकर गल्ली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी छात्या फुगवल्या. छाती फुगवणाऱ्यांपैकी किती जण त्या गल्लीत तासभर बसले? पंढरपूरकडून आलेले कडू भोपळे माळ्यावर वाळत टांगलेले असतात. खाली एक कारागीर मांडीवर तानपुरा आडवा घेऊन जवारी लावत असतो. घोडीवर हलकी कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा. पुन्हा कानस, पुन्हा तार. सुरुवातीला तार नुसती ठणठणते. अर्ध्या-पाऊण तासानं तिच्यातून दुसरा सूर उमटायला लागतो, मग गुंजन भरत जातं. बसलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. मी माणसं तिथे नेऊन बसवली आहेत. गाण्यातलं ओ की ठो कळत नाही असं म्हणणारी माणसं त्या गल्लीतून उठायला तयार नव्हती. हे काम मापानं होत नाही, यंत्रानं होत नाही, कानानं होतं. ते बघायला कारागिराच्या वेळेनं बसावं लागतं. सहलीची माणसं येतात ती दारातून डोकावतात आणि विचारतात, शोकेसमध्ये ठेवायला छोटी सतार केवढ्याला.

कुणी म्हणेल, ही आपल्याकडची गोष्ट, परदेशी लोक नीट आखतात. अजिबात नाही. आमच्या सांगलीच्या ओळखीतलं एक कुटुंब भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जाऊन आलं. जहाज सकाळी चिविताव्हेक्किया बंदराला लागलं, संध्याकाळी सुटणार. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, जाऊन-येऊन तीन तास. उरलेल्या वेळात कलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्हीचं कारंजं, पँथिऑन, सगळं 'झालं'. कलोसियमच्या आत गेलात का? नाही, वेळेचं तिकीट आधी काढलेलं नव्हतं. सिस्टाइन चॅपल? रांग फार होती. म्हणजे रोमला जाऊन त्यांनी रोमच्या रांगा पाहिल्या. मुंबईच्या बॅलार्ड पिअरला क्रूझनं उतरणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांचीही तीच गत होते. एका दिवसात गेटवे, सीएसएमटी, धोबीघाट, घारापुरी. गेटवेपासून घारापुरीला लाँचनं जायलाच तास, यायला तास, आणि लेणी सोमवारी बंद. जहाज सोमवारी लागलं तर त्या पाहुण्याला त्रिमूर्ती दिसणारच नाही. हे त्याला तिकीट काढण्याआधी कुणी सांगायचं?

फरक एवढाच की जहाज निदान प्रामाणिक असतं. शेवटचं चढायचं किती वाजता, ते आदल्या रात्री लेखी कळवलं जातं आणि उशीर केलात तर जहाज निघून जातं. त्यामुळे शहाणा प्रवासी हिशेब उलटा करतो. जहाजावर परतायची वेळ आधी धरतो, त्यातून परतीचा रस्ता आणि एक तास हाताचा राखीव वजा करतो, मग उरलेल्या तासांत मावेल असं एकच ठिकाण निवडतो, त्याचं तिकीट महिनाभर आधी काढतो आणि बाकीचं रोम सोडून देतो. हीच रीत वाईला, कासला, मिरजेला लावा. ती शिकायला समुद्रावर जायची गरज नाही. आणि बंदरावरच्या गावांनीही आता हात वर केले आहेत. व्हेनिसनं २०२१ मध्ये मोठी जहाजं शहराच्या मधल्या कालव्यातून बंद केली, २०२४ पासून गर्दीच्या दिवसांत दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. दुब्रोव्हनिकनं एका दिवसात दोनच क्रूझ जहाजं असा नियम केला. धावती गर्दी गावाला काही देत नाही आणि गावाचं बरंच काही घेऊन जाते, हे त्यांना भोगून कळलं. महाबळेश्वर आणि पाचगणी ते रोज भोगत आहेत, पण गाड्यांवर मर्यादा घाला म्हटलं की सगळे गप्प.

माझ्याशी वाद घालणारे म्हणतात, बाई, तुम्हाला निवृत्तिवेतन आहे, वेळ आहे. नोकरदार माणसाला वर्षातून एक रविवार मिळतो, पुन्हा येणं होत नाही, म्हणून तो सगळं एकदम बघतो. या म्हणण्यात दुःख खरं आहे, म्हणून मी ते हसण्यावारी नेत नाही. पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे. ज्याला एकच रविवार मिळतो त्याचे साडेनऊ तास गाडीत घालवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ज्याला पुन्हा येणं होणार नाही त्याला तर एक ठिकाण पोटभर दाखवलं पाहिजे. श्रीमंत माणूस गाडी काढून पुढच्या महिन्यात पुन्हा येईल. पंचवीस मिनिटांचा प्रतापगड गरिबाच्याच वाट्याला येतो.

आणि सगळ्यात वाईट वाट लागते ती शाळेच्या मुलांची. डिसेंबर-जानेवारीत एसटीच्या गाड्या शैक्षणिक सहलींनी भरून वाहतात. एसटी शाळांना भाड्यात निम्मी सवलत देते, ही महामंडळाची मोठी मेहेरबानी आहे, आणि आपण तिचं काय करतो? सांगलीकडच्या शाळेची पोरं मध्यरात्री उठवून गाडीत कोंबायची. प्रतापगडापर्यंत एका दिशेनं साधारण पाच तास. वाटेत सज्जनगड, वाई, पाचगणी, महाबळेश्वर. घाटात अर्धी गाडी ओकत असते, मास्तर पिशव्या आणि आवळ्याच्या गोळ्या वाटत असतात. रात्री दोनला पोरं शाळेच्या पटांगणात उतरतात आणि दुसऱ्या दिवशी निबंधाचा विषय, 'आमची सहल'. निबंधात काय येतं ते मी वर्षानुवर्षं तपासलंय. भेळ, खिडकीची जागा, गाडीतली गाणी आणि कोण किती वेळा ओकलं. ज्या गडावरचा धडा पोरांनी तोंडपाठ केला त्या गडाबद्दल दोन ओळी, आणि त्याही पुस्तकातल्या.

शिक्षकांच्या बैठकीत मी दरवर्षी यावर भांडले. दरवर्षी एकच उत्तर, "बाई, पालक विचारतात, एवढ्या पैशात किती ठिकाणं?" एका वर्षी मुख्याध्यापकांनी ऐकलं. फक्त प्रतापगड, दुसरं काही नाही. आदल्या रात्री मुक्काम आणि सकाळी गडावर. पोरांना कागद-पेन्सिल दिली आणि तटावरून दिसेल ते काढायला सांगितलं. दोन तास पोरं तटाला चिकटून होती. रडतोंडीचा घाट कुठला यावरून भांडणं झाली. एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, झाडीकडे बघत म्हणाला, "बाई, खानानं इथं यायचं कबूल कसं केलं?" इतिहासाचा अभ्यास इथूनच सुरू होतो, आणि हा प्रश्न पंचवीस मिनिटांत कुणालाही पडत नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना, शाळा समित्यांना आणि पालकांना माझं सांगणं आहे. यंदाच्या सहलीचा प्रस्ताव लिहाल तेव्हा ठिकाणाच्या रकान्यात एकच नाव लिहा आणि त्यापुढे तिथे किती तास थांबणार ते आकड्यात लिहा. तीन तासांहून कमी आकडा आला तर तो प्रस्ताव फाडून टाका. आणि जी मंडळी कंपन्यांबरोबर जातात त्यांनी प्रत्येक ठिकाणाचा थांबा किती मिनिटांचा आणि तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, ही दोन उत्तरं लेखी मागावीत. ती मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम म्हणून एक रुपयाही देऊ नका.